झेंड्याची रीत

ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला की काही प्रश्न दरवर्षी नव्याने विचारले जातात. वाऱ्याने झेंडा गच्चीवरून खाली आला, आता तो जाळावाच लागतो का? मळला आहे, धुतला तर चालेल का? पाऊस सुरू झाला, उतरवायचा की राहू द्यायचा? गॅलरीत आडवा मावत नाही, उभा लावला तर कोणी तक्रार करील का? विचारणाऱ्याच्या मनात आदर असतोच, पण त्याच्या जोडीला धास्तीही असते. उत्तरे देणारे मात्र ठाम असतात. शेजारचे काका, सोसायटीचे सेक्रेटरी, व्हॉट्सॲपवर फिरणारा निनावी मजकूर, प्रत्येकाकडे एक नियम तयार असतो, आणि गंमत अशी की हे नियम एकमेकांशी जुळत नाहीत.

राष्ट्रध्वज कसा हाताळावा हा विषय ऐकताना रुक्ष वाटतो, हे मान्य करूनच सुरुवात केलेली बरी. नियम, उपनियम, मापे, मनाई आदेश यांत कोणाला रस वाटावा? पण थोडे आत शिरले की या विषयात इतिहास भेटतो, न्यायालये भेटतात, हातमागावरचे विणकर भेटतात आणि चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दोरी ओढून पाहणारे पी.टी.चे सरही भेटतात. वाचकांनी एवढीच सवलत द्यावी की 'चालते का, चालत नाही' या प्रश्नांकडे येण्याआधी दोन पावले मागे जाऊ द्यावे. हे नियम कुठून आले ते कळले की त्यांतले बरेचसे पाठ करावे लागत नाहीत.

पुण्यात केसरीवाड्यात एक जुना ध्वज जपून ठेवलेला आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला भरलेल्या समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी जो ध्वज उभारला, त्याचा हा वारसा. इंदुलाल याज्ञिकांनी तो पुढे भारतात आणला. त्याच्या मधल्या पट्ट्यावर 'वंदे मातरम्' ही अक्षरे आहेत. आजच्या राष्ट्रध्वजावर एक अक्षरही लिहिता येत नाही, आणि त्या काळच्या ध्वजावर अक्षरे हाच त्याचा प्राण होता. तुम्ही पुण्यात असाल किंवा कधी आलात, तर या विषयाची सुरुवात तिथून करावी. ध्वज ही बदलत, घडत आलेली गोष्ट आहे, हे तिथे कोणी न सांगता समजते.

दुसरा मुक्काम नागपूर. १९२३ साली तिथल्या सिव्हिल लाइन्स भागातून, म्हणजे साहेबांच्या वस्तीतून, चरख्याचा झेंडा घेऊन जायला सरकारने बंदी घातली. झेंडा बाळगू नका असे कोणी म्हणत नव्हते. या रस्त्याने नेऊ नका, एवढेच म्हणणे होते. नेमके तेवढेच लोकांना मान्य नव्हते. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या निघू लागल्या. झेंडा हातात, पाय बंदी असलेल्या रस्त्याकडे. पुढे पोलीस, अटक, आणि दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. जमनालाल बजाज यांनी पुढाकार घेतला आणि ते तुरुंगात गेले. मग वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे फक्त पकडले जाण्यासाठी नागपूरच्या गाडीत बसली. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह त्याच भागातून गेली. झेंडा सत्याग्रह म्हणून तो ओळखला जातो. शालेय पुस्तकात त्याला एखाददुसरी ओळ मिळते. माझ्या मते तो याहून पुष्कळ मोठ्या जागेचा हक्कदार आहे.

कारण हा प्रसंग एकटा नाही. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार हा शाळकरी मुलगा हातात तिरंगा असताना पोलिसांच्या गोळीला बळी पडला. १९४७ साली इकडे मुंबई-पुण्यात रोषणाई होत असताना निजामाच्या राज्यात, म्हणजे मराठवाड्यात, तोच झेंडा उभारणे गुन्हा होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवी येथे तिरंगा घेऊन शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. हा झेंडा सरकारी इमारतींवर चढण्याच्या कितीतरी आधी लोकांच्या हातात होता. ध्वजाविषयीचे नियम वाचताना ही गोष्ट मनात ठेवावी, अशी वाचकांना विनंती आहे. नाहीतर असे वाटत राहते की झेंडा सरकारचा आहे आणि आपल्याला तो अटींवर उसना मिळाला आहे.

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी आजचा ध्वज स्वीकारला. ठराव पंडित नेहरूंनी मांडला. चरख्याच्या जागी अशोकाच्या सारनाथच्या स्तंभशीर्षावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र आले. रंगांबद्दलचा एक समज इथेच दूर करून टाकू. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा, असे आजही सर्रास सांगितले जाते. १९२१ च्या सुमारास अशी मांडणी खरोखर होती. पण १९३१ च्या काँग्रेस ठरावाने रंगांना धार्मिक अर्थ नाही असे स्पष्ट केले, आणि संविधान सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी त्याग, सत्याचा प्रकाश आणि मातीशी नाते अशी फोड करून सांगितली. म्हणजे जो अर्थ आपण मुलांना सांगतो, तो स्वातंत्र्याच्या सोळा वर्षे आधीच मागे सोडलेला आहे.

आता या कथेतले विचित्र वळण. ज्या लोकांनी झेंड्यासाठी मार खाल्ला, त्यांनाच स्वतंत्र भारतात तो आपल्या घरावर वर्षभर लावण्याची मुभा राहिली नाही. ठरावीक राष्ट्रीय दिवशी लावावा, बाकी दिवस तो सरकारी इमारतींचा आणि उच्चपदस्थांचा, अशी व्यवस्था होती. उद्योजक नवीन जिंदाल यांनी रायगढच्या आपल्या कारखान्यावर रोज ध्वज लावायला सुरुवात केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना अडवले. प्रकरण न्यायालयात गेले. १९९५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि नागरिकांना, खासगी संस्थांना, शाळांना वर्षातल्या कोणत्याही दिवशी ध्वज लावता येऊ लागला. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले: सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, म्हणजे मूलभूत अधिकार आहे, अर्थात वाजवी बंधनांसह.

घरोघरच्या गैरसमजांचे मूळ मला इथे दिसते. सण कसा करावा, ताट कसे वाढावे, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवत नाही. घरात बघून येते. झेंड्याच्या बाबतीत घरात बघायला काही नव्हतेच. जी रीत नागरिकांच्या हाती येऊन पंचवीसेक वर्षेच झाली, तिच्याबद्दल आजीकडून आलेले शहाणपण असणार कुठून? मग ती जागा जुन्या नियमांच्या अर्धवट आठवणींनी, इंग्रजी सिनेमातल्या दृश्यांनी आणि फॉरवर्ड केलेल्या मजकुराने भरून काढली. त्रिकोणी घडी हे त्याचे ठळक उदाहरण. ती अमेरिकेची प्रथा आहे. आपल्याकडची घडी वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

या विषयात शिरताना कागद कोणते वाचावेत? मुख्य कागद तीनच. १९५० चा बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा, १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा, आणि २००२ ची भारतीय ध्वजसंहिता. पहिला मुख्यतः व्यापारी वापरासाठी आहे. तो तूर्त बाजूला ठेवला तरी चालेल. दुसरा छोटा आहे, पण धारदार. ध्वज सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर जाळणे, फाडणे, तुडवणे, विद्रूप करणे यांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. तिसरा कागद सविस्तर आहे, आणि रोजच्या बहुतेक शंकांची उत्तरे त्यात मिळतात.

या दोहोंतला फरक नीट समजून घेतला तर निम्मी धास्ती तिथेच उतरते. २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की ध्वजसंहिता हा घटनेच्या अर्थाने कायदा नाही; मात्र ध्वजाची प्रतिष्ठा जपण्यापुरते तिचे पालन व्हायलाच हवे. कायदा अवमान करणाऱ्याला शिक्षा देतो, संहिता आदर करू इच्छिणाऱ्याला रीत सांगते. वाचताना तुम्हाला आणखी एक शब्द वारंवार भेटेल: हेतुपुरस्सर. ध्वज हेतुपुरस्सर जमिनीला लागू देऊ नये, हेतुपुरस्सर केशरी पट्टा खाली ठेवून लावू नये. हा शब्द मसुदा करणाऱ्यांनी उगाच घातलेला नाही. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. नाताळच्या समारंभात तिरंगी रंगांचा आणि अशोकचक्र असलेला केक कापला होता. न्यायालयाने तो अवमान मानला नाही. समारंभाला आलेल्या कोणाच्याही मनात राष्ट्राचा अपमान करण्याचे नव्हते, हे पाहिले गेले.

तेव्हा गच्चीवरून पडलेल्या झेंड्याचे उत्तर सरळ आहे. उचला, झटका, सुकवा, पुन्हा लावा. एकदा जमीन लागली की ध्वज 'बाटतो' आणि जाळावाच लागतो, असे संहितेत कुठेही म्हटलेले नाही. धुण्याला बंदी करणारे वाक्यही तिच्यात सापडत नाही. जाळण्याचा उल्लेख आहे तो खराब झालेल्या ध्वजाबद्दल. असा ध्वज कचऱ्यात टाकू नये; तो संपूर्ण, एकांतात, शक्यतो जाळून किंवा त्याची प्रतिष्ठा राखणाऱ्या दुसऱ्या एखाद्या पद्धतीने नष्ट करावा. इथे 'एकांतात' या अटीकडे लक्ष द्यावे. मंडळाने चौकात होळी करून, फोटो काढून जुने झेंडे 'सन्मानाने' जाळू नयेत. हेतू चांगला असला तरी ती जागा चुकीची आहे.

पावसाचेही तसेच. आपला स्वातंत्र्यदिन ऐन पावसाळ्यात येतो, कोकणात तर छत्री धरूनच झेंडावंदन होते. ज्या सरकारी इमारतींवर ध्वज रोज असतो, तिथे तो हवामान कसेही असले तरी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असावा, असे संहिताच सांगते. भिजणे हा ध्वजाचा अपमान नाही. सूर्यास्ताच्या नियमात मात्र बदल झाला आहे. संध्याकाळी उतरवलाच पाहिजे, हा नियम आपल्या पिढीने इतका घोटला की जुलै २०२२ मधली दुरुस्ती अनेकांपर्यंत पोहोचलेलीच नाही. मोकळ्या जागेत किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला ध्वज आता दिवसरात्र राहू शकतो. ज्यांना संध्याकाळी उतरवायला आवडते त्यांनी जरूर उतरवावा, पण शेजाऱ्याच्या झेंड्याकडे बोट दाखवू नये.

उभ्या ध्वजाची बाब वरवर सोपी, पण गोंधळात टाकणारी. भिंतीवर आडवा लावला तर केशरी वर, याबद्दल वाद नाही. उभा लावताना केशरी पट्टा ध्वजाच्या उजव्या हाताला असावा, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या हाताला. ध्वज आपल्याकडे तोंड करून उभा आहे अशी कल्पना करा, मग चूक होत नाही. हेच उजव्या हाताचे तत्त्व पुढे सगळीकडे लागू पडते. व्यासपीठावर वक्त्याच्या उजव्या बाजूला, मिरवणुकीत चालणाऱ्यांच्या उजव्या बाजूला, इतर देशांच्या ध्वजांच्या ओळीत सर्वांत उजवीकडे. एक तत्त्व कळले की चार नियम आपोआप उलगडतात. वाचकांनी असे दुवे शोधत वाचावे. कलमे मोजत वाचू नये.

खादीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे नियम आणि आदर यांच्या वाटा किंचित वेगळ्या झाल्या आहेत. डिसेंबर २०२१ पर्यंत ध्वज हातकताईचा आणि हातमागाचाच असावा लागे. त्यानंतरच्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालू लागला. पुढच्याच ऑगस्टमधल्या 'हर घर तिरंगा' मोहिमेत असे झेंडे मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. तेव्हा 'खादीचाच हवा, नाहीतर गुन्हा' हा आता गैरसमज आहे. पण खादीच्या ध्वजामागचे काम एकदा पाहाच. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आणि हुबळीजवळच्या बेंगेरीच्या खादी संघात हे ध्वज तयार होतात. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचे मानक, आयएस १, हे राष्ट्रध्वजाचेच आहे. सूत, वीण, रंगाचा पक्केपणा, शिवण, चक्राची जागा, सगळ्याची तपासणी होते. चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसले पाहिजे, लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ राहिले पाहिजे. बाजारातल्या कित्येक स्वस्त झेंड्यांत चक्र लंबगोल असते आणि कापड चौकोनाकडे झुकलेले. पॉलिस्टर घ्यायचे तर घ्या, पण प्रमाण पाहून घ्या. माझे मत विचाराल तर एक खादीचा ध्वज घ्यावा, जपावा आणि वर्षानुवर्षे वापरावा.

जपण्याची रीतही साधी आहे. ध्वज आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचे. मग पांढरा पट्टा दोन्हीकडून असा आत घ्यायचा की वर फक्त अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसत राहील. ही चौकोनी घडी तळहातांवर किंवा हातांवर घेऊन न्यायची आणि कोरड्या जागी ठेवायची. एकट्याने करायला गेले तर कापड हमखास निसटते, दोघे लागतात. घरातल्या लहानग्याला दुसरे टोक धरायला द्यावे.

शाळेतल्या ध्वजाची तयारी याहून कसबाची. आदल्या संध्याकाळी कप्पीत तेलाचे दोन थेंब पडतात आणि रिकामी दोरी खालीवर ओढून पाहिली जाते. ध्वजाच्या शिवणीतून गेलेल्या दोरीला केशरी बाजूच्या टोकाला लाकडी खुंटी असते. ती वरच्या फासात अडकवायची. उलटा झेंडा फडकण्याचे बहुतेक प्रसंग या एका क्षणी घाई झाल्यामुळे घडतात. मग घडीत झेंडूच्या, गुलाबाच्या पाकळ्या भरायच्या. ध्वजातून कोणतीही वस्तू नेऊ नये असे नियम सांगतात, पण राष्ट्रीय दिवशी फडकवण्याआधी ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्यांना त्यांनी आवर्जून मोकळीक दिली आहे. नियम करणाऱ्यांची ही रसिकता मला फार आवडते. शेवटी सरकगाठ: वाऱ्याने सुटू नये इतकी घट्ट आणि पाहुण्यांच्या एका झटक्यात मोकळी व्हावी इतकी सैल. हे प्रमाण संहितेत नाही, ते हातात असते.

मैदानावरची मांडणी मात्र संहितेत आहे. विद्यार्थी तीन बाजूंनी, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रमुख आणि ध्वज फडकवणारी व्यक्ती स्तंभाच्या तीन पावले मागे. लहानपणी चिखलात बूट रुतवत आपण ज्या चौकोनात उभे राहिलो, तो कोण्या सरांच्या मनातून आलेला नव्हता, हे वाचताना अनेकांना मौज वाटेल. ध्वज झपाट्याने वर चढवावा आणि उतरवताना संथ, समारंभपूर्वक उतरवावा, हेही तिथेच लिहिलेले आहे. सलामीविषयी थोडक्यात: गणवेशातल्यांनी सलामी द्यावी, बाकीच्यांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहावे. २०१५ च्या प्रजासत्ताकदिनी तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी सावधान उभे राहिले म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. ते शिष्टाचाराप्रमाणेच उभे होते.

शोकाच्या प्रसंगाचे नियम वाचकांनी विशेष सावकाश वाचावेत. मसुद्यातला हा सर्वांत हळवा भाग आहे. अर्ध्यावर उतरवायचा ध्वज आधी पूर्ण वर न्यायचा आणि मगच अर्ध्यावर आणायचा. सूर्यास्ताला उतरवण्यापूर्वी पुन्हा एकदा पूर्ण वर. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यसंस्कारात ध्वज पार्थिवावर पांघरतात, केशरी पट्टा डोक्याकडे. पण तो चितेत जळत नाही की कबरीत उतरत नाही. आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २ ऑक्टोबर, जालियनवाला बागेच्या स्मृतीचा ६ ते १३ एप्रिल हा सप्ताह किंवा राज्याचा स्थापनादिन या दिवशी शोक आला, तर जिथे पार्थिव आहे तेवढ्याच इमारतीवर ध्वज अर्ध्यावर येतो. पार्थिव हलले की तिथेही तो पूर्ण वर जातो. म्हणजे आपल्याकडे १ मे हा त्या दिवसांपैकी एक. हा शोक पाळायचा निर्णय सरकारचा असतो. एखाद्या संस्थेने आपल्या अध्यक्षांच्या निधनाबद्दल परस्पर राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणू नये.

गैरसमजांची उलटी बाजूही सांगायला हवी. ज्यांत आपल्याला काही वावगे वाटत नाही, अशा कितीतरी गोष्टी नियमांत बसत नाहीत. ध्वजस्तंभाच्या टोकावर किंवा ध्वजाच्या वर हार-फुले ठेवू नयेत. ध्वजावर मंडळाचे नाव, घोषणा, स्वाक्षऱ्या काहीही लिहू नये. क्रिकेटच्या सामन्यांत गावाचे नाव रंगवलेले झेंडे दिसतात ते याच कारणाने चूक. गाडीच्या टपावर, बॉनेटवर, पाठीमागे ध्वज पसरू नये. गाडीवर तो लावण्याचा मान मोजक्या पदांनाच आहे. पुतळ्याचे अनावरण करायचे तर पुतळा तिरंग्याने झाकू नये. ध्वज वेगळा आणि स्वतंत्र असावा. राष्ट्रध्वजाच्या काठीवर दुसरा कोणताही झेंडा लावू नये, त्याच्याहून उंचही नसावा. गडकिल्ल्यांवर आणि उत्सवात भगव्यासह तिरंगा लावणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. यात भगव्याला कमीपणा नाही, दोघांना आपापली काठी आहे. कपड्यांबाबत २००५ साली कायदा थोडा सैल झाला. कमरेच्या वर, सन्मानाने, पोशाखाचा भाग म्हणून ध्वज चालतो, आणि खेळाडूंच्या शिरस्त्राणावर तो दिसतो. पण रुमाल, उशीचे अभ्रे, हातपुसणी, कापडाचे तागे यांवर छापलेला किंवा भरतकाम केलेला चालत नाही.

खेळाच्या मैदानावर, प्रभातफेरीत कागदी झेंडे हलवायला हरकत नाही, ते नंतर जमिनीवर टाकू मात्र नयेत. प्लॅस्टिकचे टाळावेत असे केंद्र सरकार राज्यांना वारंवार कळवत असते. कागद विरघळतो, प्लॅस्टिक गटारात अडकून महिनोन्महिने तसेच राहते.

आणि या सगळ्यांत मला सर्वांत सलणारी गोष्ट कोणती, तर फाटका झेंडा. उंचच उंच स्तंभांचे युग आले आहे. तितक्या उंचीवर वारा कापडाच्या चिंध्या करतो, आणि चौकाचौकांत कडा उसवलेला, रंग उडालेला तिरंगा आठवडेच्या आठवडे फडकत राहतो. हातातून क्षणभर निसटलेल्या झेंड्यावरून भांडणारे आपण त्या स्तंभाखालून रोज जातो आणि मान वर करत नाही. संहितेची आज्ञा इथे निःसंदिग्ध आहे: फाटलेला किंवा विस्कटलेला ध्वज लावू नये. ध्वज उभारणाऱ्याने दुसरा ध्वज आणि देखभालीचा खर्च आधी बाजूला काढावा, मग उद्घाटनाच्या पाटीचा विचार करावा.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना शेवटी एक व्यावहारिक सल्ला. ध्वजसंहिता केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळते. तिचे तीन भाग आहेत. पहिला ध्वजाच्या वर्णनाचा, तिसरा सरकारी कार्यालयांचा. तुमच्या-आमच्यासाठी आहे तो दुसरा. सुरुवात त्या दुसऱ्या भागापासून करावी. तो एका बैठकीत वाचून होतो. सोबत २०२१ आणि २०२२ च्या दुरुस्त्या जरूर पाहाव्यात, कारण बाजारातल्या पुस्तिकांत अजूनही जुनाच मजकूर छापलेला आढळतो. आणि येत्या पंधरा ऑगस्टच्या आठवडाभर आधी कपाटातला ध्वज बाहेर काढून पाहा. कड उसवली असेल तर नवा आणायला तेवढा अवधी पुरतो.